कडेचे रंग

फोटोवाल्याची ताई बास्केटबॉलची पंच होती. सगळे तिला पंचबाईच म्हणत. आवाज खणखणीत, आणि नजर अशी की बाजूला कुणी कुणाचा नुसता शर्ट ओढला तरी शिट्टी वाजायची. "हिला कानांपाशीही डोळे आहेत," असं खेळाडू चिडून म्हणायचे.

नेमकी तीच नजर आधी गेली. सुरुवातीला ताईचा खांदा दाराच्या चौकटीला घासायचा. टेबलाच्या कडेचा कप पडायचा आणि कप तिथे ठेवणाऱ्याच्या नावानं ती खडे फोडायची. मग एका सामन्यात तिच्या अगदी डाव्या हाताला एक मुलगी धडकून पडली आणि ताईला पत्ताच नाही. प्रेक्षकांनी ओरडून मैदान डोक्यावर घेतलं तेव्हा तिनं वळून पाहिलं. खेळ थांबवला, शिट्टी गळ्यातून काढली आणि दुसऱ्या पंचाला म्हणाली, "पुढचं तू बघ."

डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. डोळ्याचा पडदा कडेकडून निकामी होत चालला होता. मधलं अजून बरीच वर्षं नीट दिसेल, पण दिसण्याचं वर्तुळ लहान लहान होत जाणार. औषध नाही.

घराच्या खालीच तिच्या धाकट्या भावाचा फोटो स्टुडिओ होता. दोघांनीही लग्न केलं नव्हतं, आणि का ते विचारायची कुणाची छाती नव्हती. भावानं पन्नाशी ओलांडली होती, तरी ताईच्या तोंडी तो छोटूच. स्वभावानं बुजरा. गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवायचं, "हनुवटी जरा खाली" म्हणायचं, बटण दाबायचं, एवढाच त्याचा लोकांशी संबंध. त्याची एकच चैन होती: जुन्यात घेतलेला एक डिजिटल रेंजफाइंडर कॅमेरा. खिडकीतून पाहत दोन धूसर प्रतिमा एकीवर एक आणून अंतर जुळवायचं, असला वेळखाऊ प्रकार. ताई त्याला "तुझी लाडकी" म्हणायची.

शिट्टी सोडल्यावर ताई घरात गप्प बसून राहायला लागली. ती बोलत नाही म्हटल्यावर घर खायला उठायचं. एका दुपारी जिन्याचा कठडा धरत ती खाली स्टुडिओत आली. काउंटरवर कुणाचा तरी सभागृहातला फोटो पडला होता, सगळी माणसं, छत, खुर्च्या असा. तिनं तो उचलून हात लांब करून धरला आणि तशीच उभी राहिली.

"छोटू, अख्खं दिसतंय रे."

"काय अख्खं?"

"अख्खं सभागृह. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. माझ्या नजरेच्या वर्तुळात मावलं."

छोटूच्या डोक्यात तेव्हापासून किडा वळवळायला लागला: ताईला सामनेही असेच फोटोत दाखवायचे. सगळं मैदान एका फोटोत घ्यायचं तर वाइड अँगल लेन्स हवी. कॅमेऱ्याच्या कंपनीची घ्यायची तर दुकानालाच कुलूप लावावं लागलं असतं. म्हणून त्यानं दुसऱ्याच कंपनीची मागवली. अंगठ्याएवढी लेन्स, पण कॅमेऱ्यावर चपखल बसली. कॅमेऱ्याच्या खिडकीला एवढं रुंद दिसायचं नाही, म्हणून डोक्यावर आणखी एक चिमुकली खिडकी बसवावी लागली. खालच्या खिडकीत अंतर जुळवायचं, वरच्या खिडकीतून चौकट बघायची.

"ही तर डोक्यावर टोपी घालून आली," ताई म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिनं चेष्टा केली होती.

पहिल्या सामन्याला छोटू भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि त्याच्या फोटोत खेळाडू मुंग्यांएवढे आले. ताईनं ते बाजूला सारले.

"मैदानात जा. रेषेवर उभा राहा. चावत नाहीत पोरी."

पुढच्या सामन्याला तो रेषेवर गेला. घामाघूम खेळाडू हाताच्या अंतरावरून धावत होत्या, एकदा चेंडू कानाजवळून गेला. पण त्या लेन्सला लांबचं चालत नव्हतं, आणि हळूहळू त्यालाही चालेनासं झालं.

फोटो छापून आले. ताईनं बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "जांभळ्या भिंती कुणी रंगवल्या?"

छोटूच्या ते लक्षात आलं होतं, पण ती बोलणार नाही अशी आशा होती. दोन्ही कडांना जांभळट छटा चढली होती.

"भिंती पांढऱ्याच आहेत," तो म्हणाला. "ही लेन्स आतल्या, फोटो टिपणाऱ्या सेन्सरच्या फार जवळ बसते. मधला उजेड सरळ पडतो, कडेचा तिरका. तिरका उजेड सेन्सरला पचत नाही. कंपनीची लेन्स असली की कॅमेरा तिला ओळखतो आणि रंग आपणच सावरून घेतो. ही परक्या घरची. हिची त्याला ओळखच नाही."

"मग ओळख करून दे."

कॅमेऱ्याच्या यादीत कंपनीच्या लेन्सची नावं होती. त्यातलं जवळपासचं एक निवडून छोटूनं कॅमेऱ्याला सांगितलं, हीच ती. खोट्या नावानं आत शिरलेल्या पाहुण्यासारखं झालं. उजवी कड निवळली, डावी जांभळीच राहिली. त्यानं डोकं खाजवलं आणि सरळ सगळे फोटो काळेपांढरे करून छापले. ते त्याला फार आवडले.

ताईनं ते हातातसुद्धा धरले नाहीत. "यातली लाल टीम कुठली, निळी कुठली?"

"रंगाचं एवढं काय ताई, सगळं तर दिसतंय."

"सोपं पडलं म्हणून केलंस ना?" तिचा आवाज चढला. "कडा मला दिसत नाहीत रे. त्या बघायला म्हणूनच हे सगळं चाललंय. आणि नेमक्या कडाच तू खोट्या देतोस."

छोटू फोटो गोळा करून खाली आला. त्याला राग आला होता, आणि ताईचं खरं होतं म्हणून जास्तच आला होता.

त्यानंतर त्यानं नीट मांड ठोकली. लेन्सच्या तोंडावर दुधी प्लास्टिकचा तुकडा धरून नुसत्या पांढऱ्या उजेडाचे फोटो काढले. त्या कोऱ्या फोटोत लेन्सची सगळी खोड जशीच्या तशी उतरायची. ती मैदानाच्या फोटोतून कॉम्प्युटरवर वजा करायची. लेन्समधला उजेडाचा झरोका लहानमोठा केला की खोड बदलते, म्हणजे पुन्हा नवा कोरा फोटो. कितीदा तरी चुकलं. शेवटी एकदाची भिंत भिंतीसारखी पांढरी आली, आणि डाव्या कडेला बाकावर बसलेल्या मुलीचा शर्ट लाल आला.

ताईनं तो फोटो हात लांब करून धरला. शाबासकीची वाट पाहत छोटू उभा होता.

"ही नवी पंच चुकीच्या जागी उभी आहे," ती म्हणाली.

"कोण?"

"ही बघ. बास्केटखालची झटापट हिच्या पाठीमागे चाललीय. कशी दिसणार तिला? बोलाव तिला."

नवी पंच दबकतच घरी आली. पंचबाईंनी तिच्यापुढे फोटो पसरले. "मैदानात असताना मलाही हे कळलं नसतं. बाहेरून एका नजरेत बघितलं म्हणून कळतंय. तू इथं, तुझी जोडीदार तिथं. मधली ही जागा कुणाचीच नाही." दोघी बोलत बसल्या आणि चहा निवून गेला. पुढच्या खेपेला नवी पंच आणखी दोघी पंचांना घेऊन आली. मग बैठका मैदानावरच व्हायला लागल्या, आणि ताई छोटूचा दंड धरून तिथे जायला लागली.

वर्तुळ लहान व्हायचं थांबलं नाही. एकदा ती फोटो नेहमीसारखा धरून डोकं इकडेतिकडे फिरवू लागली. छोटूनं पाहिलं, फोटो आता तिच्या नजरेत मावत नव्हता. पुढच्या वेळी त्यानं फोटो जरा लहान छापले.

"लहान केलेस?" तिनं विचारलं.

"हो."

"बरं केलंस. किती लहान करशील?"

"होतील तेवढे."

"आणि मग?"

छोटू फोटोंचा गठ्ठा नीट करायला लागला. ताईनंच त्याच्या पाठीवर थाप मारली. "मग या पंच पोरी सांगतील मला. आत्ताच डोळे मिटून प्रश्न विचारते त्यांना. निम्मी उत्तरं चुकतात. चांगल्या तयार होतील."

त्याच आठवड्यात तिनं कॅमेरा मागितला. "तू सगळ्यांचे काढतोस. तुझा एक मी काढते." तिला दोन खिडक्यांची भानगड नको होती. तिनं कॅमेरा सरळ त्याच्या तोंडासमोर हातभर अंतरावर धरला.

"इतक्या जवळून नको, वाइड आहे ती," तो ओरडला.

बटण दाबलं गेलं होतं. फोटोत छोटूचं नाक वांग्याएवढं आलं, कान कुठेतरी मागे पळाले, तोंड उघडंच. ताई पोट धरधरून हसली, इतकी की वरच्या मजल्यावरची शेजारीण काय झालं म्हणून खाली आली. पंच मुलींनी तो फोटो पंचांच्या खोलीत लावला. छोटूनं तो उतरवायला सांगून पाहिलं, पण तो तिथेच राहणार हा पंचबाईंचा निर्णय होता, तिथे कुणाचं चालणार.