रेडिओखालचं रबर

मी बोलका माणूस. गल्लीतल्या मांजराचं बाळंतपणसुद्धा तासभर रंगवून सांगतो. पण ही गोष्ट — बायकोलाही नाही. आज तुमच्यापुढे ठेवतोय.

लातूर तेव्हा जिल्हा व्हायचं होतं, आणि विहिरी आटल्या होत्या. माझा थोरला भाऊ अण्णा रोज सकाळी सायकलला दोन डबे बांधून गावाबाहेर पाण्याला जायचा. आणि मी? कॉलेजचे तास बुडवून रेडिओ बनवत होतो, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात. सगळे भाग जोडलेला बोर्ड हातावर धरला की गायचा — डब्यात ठेवला की मुका. तारा जोडताना दिलेल्या डाखाचे खालचे ठिपके पत्र्याला टेकायचे ना. मग दुपारभर मी तो तळहातावर घेऊन बसायचो. धुळीचा पिवळा उजेड, आणि कुठल्या तरी दूरच्या शहरातलं गाणं माझ्या बोटांत गुणगुणतंय... पण किती वेळ धरणार? जिल्ह्याची बातमी येईल, अख्खी गल्ली माझ्या रेडिओपुढे बसेल — हे चित्र मी केव्हाच रंगवून ठेवलं होतं.

बोर्ड पत्र्यापासून उचलून धरायला काहीतरी हवं होतं. स्क्रूवर बसेल, वीज जाऊ देणार नाही, असं. नांदेडच्या एका दुकानात तसे तुकडे मिळायचे. पण तेवढा धीर कुणाला?

कोपऱ्यावरच्या सायकल दुकानातल्या रहीमचाचांनी आदल्याच दिवशी अण्णाच्या सायकलच्या दोन्ही चाकांत नवी वालटूब घातली होती — हवा कोंडून धरणारी ती बारीक रबरी नळी. कशी मऊ, कशी लवचिक! तुम्हीही मोहात — नको, तुम्हाला कशाला मध्ये ओढू? मी ती काढली. अण्णानं कोनाड्यात टाकलेली जुनी, चिरलेली पुन्हा चाकांत घातली. हवा भरली. नव्या रबराचे चार तुकडे, चार स्क्रू. डब्यात बसून रेडिओ गायला लागला.

दुसऱ्या दिवशी भरल्या डब्यांसकट दोन्ही चाकं बसली. अण्णा सायकल ढकलत तडक दुकानावर आला, वालटूब उपसून चाचांपुढे धरली. नवी सांगून जुनीच घातलीत म्हणाला. लोक गोळा झाले.

"अण्णा, तुमच्या डोळ्यांपुढं घातली न्हाई का मी?"

"मग ही काय हाय, चाचा?"

मी दोन पावलांवर उभा होतो. बोललो असतो तर काय? दोन थोबाडीत बसल्या असत्या — बस, तेवढंच. मी माझी चप्पल बघत राहिलो.

गल्लीनं सायकली दुसरीकडे न्यायला सुरुवात केली.

बातमी आली त्या दिवशी आमच्या ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्यांत मागे चाचा. डब्याचं झाकण मी मुद्दाम काढून ठेवलेलं — कारागिरी दिसायला नको? गर्दी पांगल्यावर चाचा पुढे आले, वाकून आत पाहिलं, एका रबरावर अंगठा दाबला. चाकातली हवा बघावी तसा. बराच वेळ.

"आवाज लई साफ हाय," एवढंच म्हणाले.

पुढे दुकान आवरून ते हिमायतनगरला लेकीकडे गेले. अण्णा शेवटपर्यंत त्यांना लबाड म्हणत राहिला, आणि मी — मी हुंकार देत राहिलो. रेडिओ कपाटात आहे. रबर दगडासारखं झालंय, पण बोर्ड अजून पत्र्याला टेकलेला नाही.

नवी वालटूब चाचांनी घातली होती. काढली मी.