अप्पांना लोकांना रडवायचं होतं

नाटक मंडळात राहिलं की किस्से साठतातच. पण आमच्या मंडळाचे निम्मे किस्से नाटकाचे नाहीतच, चिकटवण्याचे आहेत!

आम्ही रत्नागिरीजवळच्या एका वाडीतले हौशी लोक. देवळाच्या उत्सवात दरवर्षी एक नाटक करतो. मी प्रॉम्प्टर. बापाची भूमिका कायम अप्पांची, म्हणजे आमच्या निवृत्त मास्तरांची. त्यांची एकच इच्छा, "एकदा तरी लोक रडले पाहिजेत रे!" आणि लोक दरवर्षी हसायचे.

सेट बंड्याचा. हातखंब्याला त्याचं सोफा रिपेअरिंगचं दुकान आहे. कुठला गम किती वेळात सुकतो ते तो चहात सांगतो. रबर सोल्यूशन एक चहा. पांढरा गम एक जेवण आणि एक झोप. अप्पांना अर्ध्या चहाचाही धीर नाही.

* * *

एकदा प्रयोगाआधी अप्पांच्या चपलेचा तळ सुटला. बंड्या म्हणाला, "दोन्हीकडं सोल्यूशन लावा, सुकू द्या, मग दाबा." अप्पा म्हणाले, "सुकल्यावर काय चिकटणार, मेल्या?" आणि ओलंच दाबलं.

दुसऱ्या अंकात अप्पा गरजले, "या घरात पुन्हा पाय ठेवणार नाही!" आणि ताडताड निघून गेले. तळ स्टेजवरच.

पब्लिकमधून आवाज आला, "अप्पा, अर्धी चप्पल ऱ्हायली हां!"

* * *

पुढच्या वर्षी मिशी. स्पिरिट गम लावून जरा थांबायचं असतं. अप्पा थांबले नाहीत. मेलेल्या मुलाच्या, म्हणजे आमच्या सुन्याच्या, कपाळाचा मुका घ्यायला वाकले आणि मिशी सुन्याच्या नाकावर पडली. सुन्याने बराच दम धरला. मग शिंकला.

पहिल्या रांगेतली म्हातारी ओरडली, "जगला गो बाय!"

* * *

मग दिवंगत बायकोचा फोटो. अप्पांनी तो सकाळीच पांढऱ्या गमने भिंतीला लावला. समुद्राची दमट हवा, गम कसला सुकतोय! संध्याकाळी अप्पा प्रेक्षकांकडे तोंड करून हुंदका देत होते, "कुठे गेलीस गं मला सोडून?" मागे फोटो सावकाश घसरत होता.

पोरं एका सुरात म्हणाली, "खाली! खाली!"

* * *

माझीही पाळी आली. कपाचा कान जोडताना माझा अंगठा आणि बोट तो झटपटवाला गम लागून एकमेकांना चिकटले. त्याला चहा लागत नाही, घोटही लागत नाही. मला संहितेचं पान उलटेना. अप्पा तेच तेच वाक्य म्हणत राहिले.

शेवटी विंगेकडे वळून म्हणाले, "प्रॉम्प्टर सुटला की सांगा रे!"

* * *

गेल्या वर्षी अप्पांनी जाहीर केलं, "गुडघे बोलायला लागलेत. हे शेवटचं." आम्हाला सगळ्यांनाच वाईट वाटलं. शेवटचा प्रवेश होता मुलीच्या पाठवणीचा. मुलगी पाया पडते, बाप खुर्चीतून उठून तिला मिठीत घेतो.

खुर्चीचं सीट फाटलेलं. बंड्याने त्या प्रवेशाआधी सीटवर सोल्यूशन फासलं आणि नवं रेक्झिन हातात घेऊन चहाला गेला. अप्पा घाईने येऊन त्या चिकट सीटवर बसले. पडदा उघडला.

बंड्या धावत विंगेत आला आणि कुजबुजला, "अप्पा, उठू नका! धोतर खुर्चीला धरलंय. उठलात तर ते इथंच ऱ्हायल!"

मुलगी झालेली मंजिरी पाया पडली. "येते बाबा." अप्पा सवयीने अर्धे उठले. मागून टर्रर्र असा आवाज आला. ते मटकन खाली बसले. दोन्ही हात पुढे केले, हनुवटी थरथरायला लागली, डोळ्यांत खरंच पाणी.

सगळा मांडव चिडीचूप. मग एक हुंदका, मग दुसरा. सरपंचांनी रुमाल काढला. खरं सांगतो, सगळं माहीत असून मलाही भरून आलं.

पडदा पडतोय तोच वाडीतल्या बायका डोळे पुसत थेट स्टेजवर आल्या. नमस्कार करायला रांगच लागली. बायामाणसांसमोर बसून राहणं अप्पांना कसंतरीच वाटलं. धोतराचं विसरून त्यांनी उठायला खुर्चीचे हात धरले.

सगळ्यात पुढच्या काकूंनी त्यांचा खांदा हलकेच खाली दाबला.

"नको हो अप्पा! तुम्ही बसूनच आशीर्वाद द्या!"