वहिनींचा ड्रायव्हर आणि माझा ओला टॉवेल

कापसाचा ओलावा मोजायचं यंत्र मी स्वतःच्या हाताने ओल्या टॉवेलात गुंडाळलं, ही गोष्ट मी कधीच नाकारलेली नाही. (नाकारायला जागाही नव्हती, टॉवेलाच्या कोपऱ्यावर आईने दोऱ्याने माझं नाव भरलेलं आहे.)

आमच्या शालिनीवहिनी आदिलाबादच्या एका कॉलेजात संगणक शिकवतात. दादा बेल्लमपल्लीला खाणीत नोकरीला, आठवड्यातून एकदा घरी येतो. मी उटनूरच्या एका सरकारी दप्तरात कारकून. त्यामुळे घरात डोकं चालवायचं काम आपोआप वहिनींकडे आलं. त्या लिनक्स वापरतात. ही जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली, फुकट मिळणारी, संगणक चालवणारी प्रणाली. तिच्या आत काय लिहिलंय ते कुणीही उघडून वाचू शकतं, सुधारूही शकतं. हे मला पटायला बराच वेळ लागला, कारण आमच्या दप्तरात एक मिसल, म्हणजे फाइल, नुसती उघडून बघायलाही तीन सह्या लागतात.

तलमडुगुच्या कास्तकारांच्या गटाकडे ओलावा मोजायचं एक यंत्र धूळ खात पडलं होतं. त्याच्या दोन टोकदार सळ्या कापसात खुपसायच्या की आकडा संगणकावर दिसणार. पण बनवणारी कंपनी बंद पडलेली आणि तिची सीडी नव्या कुठल्याच संगणकावर चालेना. इकडे बाजारात व्यापारी ढिगात हात घालून "माल गीला है" म्हणायचा आणि कास्तकार गप्प. वहिनी म्हणाल्या, याचा ड्रायव्हर आपण लिहू.

"ड्रायव्हर म्हंजे?" मी विचारलं.

"बाजारात तेलुगू व्यापारी अन् मराठी कास्तकार यायच्या मधात एक जण उभा राहते का नाही, याचं त्याले अन् त्याचं याले सांगाले? तसा. यंत्र एक भाषा बोलते, संगणक दुसरी."

यंत्राची भाषा शिकवायला कुणी नव्हतं. वहिनी चार महिने कॉलेज आणि स्वयंपाक सांभाळून वायरीतून जाणारे आकडे वहीत उतरवत होत्या. एकदा कोरडा कापूस, एकदा दमट, एकदा नुसती हवा. कोणता आकडा कशाने बदलतो ते बघायचं आणि अर्थ लावायचा. मी आयुष्यात एवढी चिकाटी फक्त बसमध्ये खिडकीची जागा धरताना दाखवली आहे.

लिहून झाल्यावर त्यांनी तो लिनक्सवाल्या मंडळींकडे पाठवला. तिकडे जर्मनीतले एक गृहस्थ तो तपासत होते. त्यांनी तीनदा परत केला. पहिल्यांदा तर ओळींच्या सुरुवातीला सोडलेली जागा चुकली म्हणून. मला राग आला. वहिनींना आला नाही. "बरोबर हाय त्याचं," म्हणाल्या आणि पुन्हा लिहायला बसल्या. तिसऱ्या खेपेला त्यांनी विचारलं होतं: यंत्र वाचत असतानाच कुणी ते उपटून काढलं, तर काय होतं हे नीट तपासलंत का? वहिनींनी पुष्कळदा काढून बघितलं. काहीच बिघडलं नाही.

मग गटापुढे ते चालवून दाखवायचा दिवस ठरला. कास्तकारांनी ते वापरायचं की नाही, हे त्या दिवशी ठरणार होतं. वहिनींना सकाळी तास घ्यायचा होता, म्हणून यंत्र घेऊन मी पुढे निघालो.

"सांभाळून न्या, भाऊजी. हे हॉट-स्वॅप हाय. आज त्याचीच परीक्षा."

बंद न करता, चालू संगणकालाच यंत्र लावता-काढता येणं, याला हॉट-स्वॅप म्हणतात, हे मला आज ठाऊक आहे. तेव्हा मी फक्त 'हॉट' ऐकलं. बसमध्ये खिडकीतून ऊन थेट मांडीवरच्या खोक्यावर येत होतं. खोका तापत चालला, तसा माझा जीव वर-खाली व्हायला लागला. चार महिन्यांची मेहनत माझ्या मांडीवर वितळेल की काय! पाण्याची बाटली होती, टॉवेल होता. पुढचं मी आधीच कबूल केलं आहे. मात्र उतरताना यंत्र गार लागलं, याचं मला मनापासून समाधान वाटलं.

समाजमंदिरात पन्नासेक कास्तकार जमले होते. वहिनी आल्या, यंत्र जोडलं, भिंतीवर पडदा लावला. गटाचे प्रमुख किसनराव यांनी स्वतःच्या घरचा, आठ दिवस वाळवलेला कापूस आणला होता. वहिनींनी सळ्या खुपसल्या. पडद्यावर आकडा आला: एकतीस टक्के.

किसनरावांनी मूठभर कापूस दाबून बघितला. "मॅडम, एकतीस म्हंजे तं हा पिळला तं पाणी निघन."

मागून कुणीतरी म्हणालं, "व्यापारी बरा. तो एवढा गीला नाही म्हणत."

वहिनींचा चेहरा उतरला. आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी धावत गेलो, वायर उपटली, टोक शर्टाला पुसलं, खुपसलं, पुन्हा उपटलं, फुंकर मारली, पुन्हा खुपसलं, पुन्हा उपटलं. पडद्यावर पांढरी अक्षरं सरसर धावली आणि संगणक जागच्या जागी गोठला.

"काऊन वो भाऊजी?" वहिनींनी हळूच विचारलं.

मी टॉवेलाचं सगळं सांगितलं. त्या रागावतील, रडतील, असं वाटलं होतं. त्यांनी मोबाइल काढला आणि पडद्याचा फोटो घेतला. मग दुसरा. चेहऱ्यावर असा आनंद, जणू हरवलेलं मंगळसूत्र सापडलं.

"हेच तं विचारून राह्यला होता तो जर्मनीवाला मानूस," त्या म्हणाल्या. "भाऊजी, तसंच करा परत."

संगणक पुन्हा सुरू केला. मी वायर काढली. काही झालं नाही. दहा वेळा काढली. काही नाही.

"तुमी लई सभ्यपणानं काढून राह्यले. मघा तुमी घाबरले होते."

आता ठरवून घाबरायचं कसं? किसनराव माझ्या कानाशी वाकले आणि ओरडले, "साप!"

संगणक गोठला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

वहिनी तिथेच सतरंजीवर लॅपटॉप घेऊन बसल्या. किसनरावांनी विचारलं तेव्हा स्क्रीनवरून नजर न काढता त्यांनी समजावलं, "पाहुणा उठून गेला, घरही आवरून टाकलं, तरी माझा ड्रायव्हर त्याले वाढूनच राह्यला होता. आता आधी वाढनं थांबवाचं, मंग घर आवराचं." किसनरावांनी मान डोलावली. मागे कुणी बोललं की ते बोट ओठांवर ठेवत. चहा आला, गार झाला, पुन्हा आला. तासाभरात उठून कुणीही गेलं नाही. पन्नास माणसं एका बाईला विचार करताना गुपचूप बघत बसली आहेत, असं दृश्य मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

तोवर मी यंत्र अंगणात उन्हात धरून उभा होतो. तेवढं काम मला जमलं.

मग मला पुन्हा घाबरवण्यात आलं. साप, विंचू, तहसीलदार. मी वायर उपटत राहिलो, संगणक शांत. शेवटी वहिनींनी त्याच कापसात सळ्या खुपसल्या. नऊ.

किसनरावांनी आकडा दोनदा वाचला. "आता म्हनू दे त्याले गीला," एवढंच म्हणाले. गटाने यंत्र वापरायचं ठरवलं.

पुढच्या महिन्यात वहिनींचा ड्रायव्हर लिनक्समध्ये घेतला गेला. ज्याने चूक दाखवली त्याचंही नाव तिथे नोंदवायची पद्धत आहे. वहिनींनी प्रामाणिकपणे माझं घातलं. त्या जर्मन गृहस्थांनी माझ्या चाचणीची पद्धत कळवायची विनंती केली, तेव्हा मात्र वहिनी बराच वेळ टाइप करत होत्या आणि मधेमधे पदराने डोळे पुसत होत्या.

ही बातमी उटनूरला पोचली. साहेबांनी मला बोलावून घेतलं, "तुमी तं मोठे तज्ज्ञ झाले," म्हणाले आणि अडलेल्या प्रिंटरकडे बोट दाखवलं. मी बाह्या सरसावल्या, आत्मविश्वासाने चालू प्रिंटरची वायर उपटली आणि परत खुपसली. तेव्हापासून आमचं दप्तर हाताने लिहितं. सगळ्यांत जास्त मीच लिहितो.