नवी छपरी, जुना गोठा

मालगुजारी, म्हणजे गावाची जमीनदारी, गेली तेव्हा बाबांचं फारसं काही गेलं नाही, असं माझं मत होतं. शेती राहिली, बैल राहिले, घर राहिलं. बदललं ते लोकांचं वाकणं. पूर्वी कमरेतून वाकायचे, आता मानेतून वाकू लागले. बाबांना हा फरक दिसायचा आणि टोचायचा. त्यावर उपाय म्हणून त्यांनी घराचं तोंड बदलायचं ठरवलं.

आमचं गाव नागभीड आणि ब्रह्मपुरीच्या मध्ये. घर मातीच्या भिंतींचं, कवेलूचं म्हणजे कौलांचं, ठेंगणं. पुढची छपरी, म्हणजे पडवी, इतकी खाली आलेली की उंच माणसाला आत येताना आपोआप मान लववावी लागे. मालगुजाराला याहून सोयीची छपरी कुठली, असं मी म्हणायचो. पण बाबांना ती उंच हवी होती. चार कोरीव सागवानी खांब हवे होते आणि दाराच्या वरच्या पट्टीवर सोंडा उचललेले दोन हत्ती. साग घरचाच होता. जंगल सरकारजमा व्हायच्या आधल्या महिन्यात तोडून त्यांनी तो तलावात बुडवून ठेवला होता.

निमित्तही चांगलं होतं. माझी बायको पहिल्यांदा गरोदर होती, आषाढाच्या शेवटी बाळंत व्हायची होती. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. तिला आई नव्हती, पण वडशाला भाऊ-भावजय होते आणि ते न्यायला तयार होते. बाबांनी साफ नकार दिला. नातू तांदळाच्या अडत्याच्या घरी जन्मायचा नव्हता. तो स्वतःच्या घरी जन्मणार होता आणि घरही नवं असणार होतं. मागच्या कोपऱ्यातली खोली तिच्यासाठी नीट करायची ठरली. बायकोचं मागणं एकच होतं: पाऊस लागायच्या आत खोली कोरडी असावी. त्या घरात कोरडं मागणं हीसुद्धा चैन होती, कारण दर जेठात कवेलू फेरून, छप्पर शाकारूनसुद्धा कुठे ना कुठे गळायचंच.

चैतात वाढई, म्हणजे सुतार, आला. त्याने छपरीकडे पाहिलं, मग छपराच्या माथ्यावरच्या लाकडाकडे, म्हणजे आढ्याकडे पाहिलं आणि सांगितलं की छपरी उंच करायची तर आढंही उचलावं लागेल. इथे आत्याबाई उठून उभ्या राहिल्या. त्या बाबांच्या विधवा बहीण. आई गेल्यापासून घरातली सगळी शास्त्रं त्यांच्या ताब्यात होती.

"घरी दोन जीवाची बाई हाय अन् तुमी आढ्याले हात लावता? तिच्या डोक्यावरचं छप्पर उघडं नाई करत, दादा. पोटातल्याले भोवते."

बाबांनी वाढयाला थांबवलं. अशा बाबतीत ते बहिणीच्या शब्दाबाहेर नव्हते. जेवताना त्यांचं तोंड इतकं उतरलेलं होतं की मला राहवलं नाही. मी तेव्हा नागपूरला शिकून आलेला, जनपदाच्या शाळेत मास्तर होतो. घरात कोणी न वाचलेली पुस्तकं वाचलेली असली की माणसाला जेवताना बोलायची खोड लागते.

मी म्हणालो, "मंग आढ्याच्या आंधी सूनच हालवा. घरात पोटुशी बाई नसली तं शास्त्राची काय हरकत हाय? गोठा हायेच."

मला वाटलं, बाबा रागावतील. त्यांनी घास तसाच हातात धरला आणि माझ्याकडे आयुष्यात पहिल्यांदा कौतुकाने पाहिलं.

"बाई, आयकलं काय? याले म्हन्तात शिकेल मानूस."

आत्याबाईंनी विचार केला. नियम आढ्याबद्दल नव्हता, आढ्याखालच्या बाईबद्दल होता. बाई नसेल तर नियमही नाही. त्यांना त्यात खोट सापडली नाही. "चालते," त्या म्हणाल्या.

मी हसून सांगितलं की मी मजाक करत होतो. बाबाही हसले. इतका हुशार मुलगा नम्रही आहे, असा त्यांनी त्याचा अर्थ घेतला.

दुसऱ्या दिवशी गोठा सारवला. एका टोकाला दोन बैल, मध्ये बांबूचा तट्टा, अलीकडे बायकोची बाज. बाबा दुष्ट नव्हते, हे सांगायला हवं. तिला रोज लोणकढं तूप जायचं, दूध जायचं आणि बाबा स्वतः दाराशी उभे राहून "सूनबाई, काई पायजे काय?" असं विचारायचे. तिला जे पाहिजे होतं ते सोडून बाकी सगळं मिळत होतं.

मी तिची पेटी घेऊन गेलो तेव्हा ती बाजेवर बसून बैलांकडे पाहत होती.

"काल मी चुलीपाशीच होती," ती म्हणाली. "आयकलं मी. मस्त बोलले तुमी. आता तसंच काईतरी बोला अन् मले घरात घ्या."

मी बोललो. बाबांना म्हणालो की पावसाच्या आत तिला घरात आणू. ते हो म्हणाले. आत्याबाई नाही म्हणाल्या: एकदा बाहेर काढलेली पोटुशी अर्ध्या घरात परत येत नाही, घर पुरं झाल्यावर, घरभरणी होऊनच येते. म्हणजे आता खोली नव्हे, सगळं घर पुरं व्हायचं होतं. मी याविरुद्ध बरंच सांगितलं, पुस्तकांचे दाखले दिले. पण माझं गंभीर बोलणं त्या घरात कोणी कधी ऐकलं नव्हतं, आणि मीही त्याची सवय लावलेली नव्हती.

मग वैशाख गेला, जेठ गेला. कुंभाराने दिलेले सगळे नवे कवेलू पुढच्या छपरीवर चढले. दरवर्षी घराचे फेरून झाले की गोठ्याचे कवेलू फेरायचे, ते त्या वर्षी राहिले. मग पाऊस लागला आणि गावातला एकूण एक माणूस धानाच्या रोवण्याला चिखलात उतरला. आमच्या गोठ्यावर चढायला कोणी मिळेना. हाताशी होता तो एकटा वाढई, आणि तो हत्ती कोरत होता. हत्ती त्याने जत्रेत एकदा पाहिला होता, तोही मागून.

एक दिवस त्यानेच पटाशी खाली ठेवली.

"मालक, हत्तीच्या कानाचं मंग पाहू. गोठा गळून राह्यला. एक दिवस द्या, बाईच्या बाजेच्या वरतं फळ्या ठोकून देतो."

"पाहुण्यायले गोठा दाखवाचा हाय काय बे?" बाबा म्हणाले. "हत्ती आंधी."

मी तिथेच उभा होतो. 'फळ्या ठोक' एवढे दोन शब्द मला म्हणता आले असते. मी म्हणालो, "राहू दे. तुया हत्ती पुरा झाला का त्यालेच बाजेपाशी उभा करू. सोंडेत छत्री धरन." बाबा खूप हसले. वाढई हसला नाही. त्याने पटाशी उचलली. त्या दिवसापासून तो रोज संध्याकाळी घरी जाताना टोपलीभर कोरडा भुसा गोठ्यात शेकायला ठेवून जायचा. 

घरभरणीची तिथी श्रावणातली निघाली. नागभीड, ब्रह्मपुरी, वडसा, सगळीकडे निमंत्रणं गेली. तहसीलदार येणार होते. बाबांनी त्यांच्यासाठी खुर्चीही मागवली होती.

तिथीला सहा दिवस उरले असताना बायकोच्या पोटात दुखू लागलं. पाऊस तीन दिवसांपासून थांबला नव्हता. बाज चारदा सरकवावी लागली, शेवटी तट्टा काढून बैलांच्या शेजारी नेली, कारण त्या टोकाला कमी गळत होतं. सुईण काम करत होती आणि आत्याबाई वरून सूप धरून उभ्या होत्या. मी बाहेर होतो. दुपारी मुलगा झाला. बाबा छत्री घेऊन दाराशी आले, वाकून पाहिलं आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "नाक आपलंच हाय." मग छत्री मिटता मिटता त्यांच्या ध्यानात आलं.

"दहा दिवसाचं सुवेर लागलं ना बे. तिथी तं सहाव्या दिवशी हाय."

सोयरात घरभरणी करता येत नाही; संध्याकाळपर्यंत ते दोनदा हेच बोलले. गावात गूळ वाटला, पण तोंड आंबट होतं. नातवाने आणखी आठ दिवस थांबायला काय हरकत होती, हे त्यांनी उघड म्हटलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र ते स्पष्ट लिहिलेलं होतं, आणि मला वाचायची सवय होती.

पोर ओलीतच होतं. लाकडं धुरायची, पेटायची नाहीत. वाढयाच्या भुशाने थोडा वेळ ऊब यायची. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याचं रडणं बारीक झालं आणि दुपारी थांबलं. मी आणि वाढई त्याला तलावाच्या पाळीमागे, बांधापलीकडे पुरून आलो.

परतलो तर बाबा नव्या छपरीत बसलेले. समोर धर्मशास्त्राची जुनी पोथी कापडातून काढून ठेवली होती. त्यांचा आवाज बसला होता. ते रडले होते, यात शंका नाही.

"पाह्यतं जरा," ते म्हणाले. "नाव ठेवाच्या आंधी गेलं तं किती दिवस धरावं लागते?"

मी हातपाय धुतले आणि पोथी उघडली. तिच्यात दोन मतं होती. एक असं की मूल गेलं तरी जन्माचे दहा दिवस सुटत नाहीत. दुसरं असं की नाव न ठेवलेलं मूल गेलं तर आईवाचून बाकीचे स्नानाने शुद्ध होतात. पहिलं मी मनात वाचलं. दुसरं मोठ्याने वाचलं. का वाचलं, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. वाद नको होता, हे एक उत्तर. माझ्याकडे पुन्हा कौतुकाने पाहिलं जाणार होतं, हे दुसरं. पाहिलं गेलं.

घरभरणी झाली. तहसीलदार खुर्चीत बसले आणि हत्तींना डुकरं म्हणाले नाहीत, एवढं सौजन्य त्यांनी दाखवलं. कलश घ्यायला घरची सवाष्ण नव्हती, म्हणून शेजारची आणली. "सून कुठी हाय?" कोणी विचारलं की बाबा हळू आवाजात म्हणत, "विटाळ हाय," आणि विचारणारा समजुतीने मान हलवायचा. पंगतीत पाऊस कोसळत होता आणि नव्या छपरीतून एक थेंब आत येत नव्हता. सगळे वर पाहून वाढयाची तारीफ करत होते. वाढई आला नव्हता.

मी पत्रावळ वाढून गोठ्यात नेली. तिने सगळं खाल्लं, लाडूसुद्धा. हात धुतले.

"शास्त्रात मोकळं हाय, हे कोनं सांगतलं? आत्याबाईनं?"

"नाई. मी पोथीत पाह्यलं."

"हो काय?" ती म्हणाली. "वाचता चांगलं येते तुमाले."

तिने पत्रावळ बैलांपुढे टाकली.

चाळीस दिवसांनी ती घरात आली. मागची खोली तिला दिली. खोली कोरडी होती, आणि ती तिथे नीट राहिली, कोणाशी वाकडं बोलली नाही. माझ्या विनोदांवर मात्र ती पुन्हा कधी हसली नाही. तीन वर्षांनी तिला पुन्हा दिवस गेले. घरात काही काम निघालेलं नव्हतं. तिसरा महिना लागताच तिने वडशाला निरोप धाडला. भाऊ बैलबंडी घेऊन आला तेव्हा बाबा छपरीत बसले होते. ते म्हणाले, "सूनबाई, आता काऊन जाता? घर तं पुरं हाय."

तिने डोक्यावरचा पदर सारखा केला, त्यांच्या पाया पडली आणि बंडीत जाऊन बसली. मी तिची पेटी उचलून आणली. ती माझ्या हातातून तिच्या भावाने घेतली.