सरांचं लाल पेन

इंदिरानगरच्या आमच्या वाचनालयात दरवर्षी शब्दकोड्यासाठी क्लू लिहायची स्पर्धा असते. सगळ्यांना एकच शब्द देतात, त्यावर गूढसा क्लू रचायचा. परीक्षक ठरलेले, एक निवृत्त प्राध्यापक. जोडीला मीही परीक्षक, म्हणजे चहा करायला. उत्तर सरांना ठाऊकच असतं; क्लूमधून ते कसं निघतं हे उलगडलं की सर मान हलवतात, "बाळबोध आहे हो." नाही उलगडलं की म्हणतात, "चुकलाय." आता यातून पास कोण होणार, तुम्हीच सांगा. आमच्या मंदाताई दरवर्षी हौसेने क्लू पाठवतात आणि दरवर्षी हिरमुसून घरी जातात. यंदाही त्यांच्या कागदावर 'बाळबोध' पडलंच.

यंदाचा शब्द होता गोदावरी. त्यावर सरांनीच पूर्वी एक क्लू मासिकात छापून आणलेला. मी तो माझ्या अक्षरात उतरवून गठ्ठ्यात सरकवला. चहा निवला तरी त्यातून गोदावरी कशी निघते ते सरांना उलगडेना. शेवटी त्यांनी लाल पेनाने लिहिलं, 'चुकलाय'.

"सर, हा तुमचाच आहे," मी म्हटलं.

त्यांनी सावकाश चष्मा पुसला, 'चुकलाय' खोडलं आणि वर लिहिलं, 'सखोल'.

मी मंदाताईंचा कागद पुढे केला. "पेन उघडं आहेच, तर इथलंही खोडा."