फकीरभाईंच्या पांढऱ्या पेशी

बीबी गावच्या फकीर मोहम्मदांना ‘पेशी’ म्हटलं की एकच ठाऊक, कोर्टाची तारीख. अळी लागणार नाही म्हणून घेतलेल्या बीटी कपाशीत बोंडअळीनं सहकुटुंब मुक्काम ठोकला, तेव्हा गावानं कंपनीला शिव्या दिल्या आणि विषय मिटवला. फकीरभाईंनी शिव्या देऊन वर बुलढाण्याच्या ग्राहक मंचात तक्रारही ठोकली. तेव्हापासून त्यांनी सोयऱ्यांची लग्नं चुकवली, पण पेशी नाही.

अशात शेतात पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या झाडाचा, खुंट टाचेत घुसला. पाय भोपळ्यासारखा सुजला, ताप चढला, लोणारच्या दवाखान्यात सलाईन लागलं. रिपोर्ट पाहून डॉक्टर म्हणाले, “पांढऱ्या पेशी वाढल्यात.”

“कोनं वाढवली?” फकीरभाई ताडकन उठून बसले. “परवाची होती ना!”

डॉक्टरांनी संशयानं सलाईनच्या बाटलीकडे पाहिलं. हायस्कुलात जीवशास्त्र शिकवणारी फकीरभाईंची लेक गुलनार मात्र हसून बेजार झाली.

पण कोर्टाची पेशी खरंच परवा होती. कोणीच हजर नसलं तर तक्रार बाद. आणि डॉक्टर म्हणत होते, चाललात तर पाय जाईल.

“मले जाच लागते.”

“अब्बा, तुमच्यासाठी फौज लढून राह्यली, अन् तुम्ही पळून राह्यले?”

“कोनती फौज?”

“पांढऱ्या पेशी. हाडातल्या मज्जेत जन्मतात. त्यातल्या काही छातीच्या हाडामागं शाळेत जातात. तिथं परीक्षा एकच, आपला कोण अन् परका कोण. जी घरच्यांवरच धावून जाते, तिची तिथंच छुट्टी.”

“अशी शाळा आपल्या ग्रामपंचायतीले पाह्यजे होती.”

“जांघेत अवधानाची गाठ आली न तुमाले? तिथं नव्या पेशींले दुश्मनाची ओळख देणं सुरू हाये. अन् हा पू...”

“घाण हाये ते.”

“लढता लढता मेलेल्या पेशी हायेत त्याच्यात.”

फकीरभाईंनी टाचेवरची पट्टी जरा अदबीनं सारखी केली. “मंग बीटीले काऊन नाई अशी फौज?”

“त्याले बाहेरून एकच हत्यार देलं, अळी सरावली. तुमची फौज नवा दुश्मन पाहून नवं हत्यार बनवते. पण तिले औषधाची साथ अन् तुमचा आराम पाह्यजे.”

“अन् मंचात कोन उभं राहीन?”

“मी.”

सलाईनच्या हातानंच त्यांनी अधिकारपत्रावर सही केली.

पेशीच्या दिवशी संध्याकाळी गुलनार एसटीनं परतली. फकीरभाई दाराकडे डोळे लावून होते.

“कंपनीचे वकील म्हणाले, अळी सरावू नये म्हणून पुडीसोबत देलेलं साधं बियाणं तुम्ही कडेनं लावलंच नाई. मी कृषी खात्याचा पंचनामा वाचून दाखवला. चारी बाजूनं लावलेलं लिहिलं होतं. मंचाचे साहेब वकिलाले म्हणाले, तुम्ही हे वाचलंच नाही का?”

“मंग?”

“तक्रार कायम. निकाल पुढच्या महिन्यात.”

फकीरभाईंनी डोळे पुसले आणि दोष सरळ फिनेलच्या वासाला दिला. शेजारच्या खाटेवरचे गुलाबराव कुशीवर वळले. “कोनता वकील लावला, फकीरभाई?”

“लावला नाई, गुलाबराव,” फकीरभाई उशीला टेकून ऐसपैस बसले. “घरीच तयार केला.”