खडक्याचं शेवटचं वाक्य

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, चर्चच्या पाळकसाहेबांना नाही, आणि माझ्या बहिणीलाही नाही — जिला मी साडी घ्यायची म्हटलं तरी आधी फोन करते. भीती वाटत होती म्हणाल, तर तसं काही नाही. मी भित्री बाई नाही, नगरजवळच्या आमच्या भिंगारमध्ये कोणालाही विचारा. शाळेच्या मिटिंगला वरचे साहेब येऊन बसले तरी माझा आवाज खाली येत नाही. मग इतके दिवस गप्प का बसले? गप्प बसणं माझ्या सोयीचं होतं म्हणून. याहून बरं कारण सापडतंय का, ते मी शोधून पाहिलं आहे.

माझा आवाज चांगला आहे, हेही आधीच सांगून टाकते. शाळेत मी मराठी शिकवते आणि रविवारी उपासनेत शास्त्रपाठ वाचायला मलाच उभं करतात. तिथे मी एक शब्द इकडचा तिकडे करत नाही. मागच्या बाकावरची म्हातारी माणसं ओठ हलवत माझ्याबरोबर म्हणत असतात, त्यांना पाठ असतं ना सगळं! म्हणजे जसंच्या तसं वाचणं मला येत नाही, अशातला भाग नाही. येतं. चांगलं येतं.

आणि आता ज्या कादंबरीवरून हे सगळं झालं तिच्याबद्दल. ‘सातवी वेस’ हे नाव तुम्ही सिनेमामुळे ऐकलं असेल. आम्ही ते फार आधीपासून ऐकत होतो. सात वेशींचं एक शहर, प्रत्येक वेस ओलांडताना काहीतरी मागे ठेवून जावं लागतं — सावली, आवाज, आईचं नाव — आणि निरा नावाची एक हट्टी पोरगी, जिला शेवटच्या वेशीपलीकडे जायचंच आहे. तिच्याबरोबर चालतो खडक्या. खडक्या म्हणजे दगडाचा प्राणी. ना बैल, ना अस्वल. लेखकाने त्याचं नीट वर्णनच केलेलं नाही, त्यामुळे प्रत्येकाचा खडक्या वेगळा. लेखक जाऊन बरीच वर्षं झाली, पुस्तक बाजारातून कधीच गायब झालं होतं. शाळेच्या ग्रंथालयाने रद्दीत काढलेल्या ढिगातून मी माझी प्रत उचलली.

मग मी ती वाचून दाखवायला लागले. रविवारी दुपारी, चर्चशेजारच्या हॉलमध्ये. आधी आमच्याच आळीतली पोरं यायची, मग त्यांच्या आया यायला लागल्या, मग कॅन्टोन्मेंटच्या क्वार्टर्समधली माणसं. नगरच्या माणसाला वेस काय असते हे समजावून सांगावं लागत नाही, तो माळीवाड्याच्या वेशीतून रोज जातो-येतो. कोरोनात हॉल बंद झाला तेव्हा मी मोबाईलवर वाचून ते रेकॉर्डिंग व्हॉट्सॲपच्या गटावर टाकू लागले. आणि गट वाढला! पारनेर, शेवगाव, राहुरी, कुठून कुठून लोक जोडले गेले. कोणी बांधावर बसून ऐकायचं, कोणी शुगर फॅक्टरीच्या पाळीवर जाताना. त्यांच्यातल्या बहुतेकांनी पुस्तक डोळ्यांनी पाहिलेलंही नव्हतं. त्यांच्यासाठी ‘सातवी वेस’ म्हणजे माझा आवाज.

कळतंय ना मी कुठे चालले आहे? — नाही, आधी सिनेमाचं सांगते.

ॲनिमेशनचा सिनेमा निघणार म्हटल्यावर गटात दिवाळी झाली. त्यात आमच्यातलीच एक मुलगी त्या स्टुडिओत कामाला होती! अश्विनी, पारनेर तालुक्यातल्या शेतकऱ्याची पोर. कोरोनात कॉलेजला होती तेव्हा माझी रेकॉर्डिंग ऐकता ऐकता खडक्याची चित्रं काढून गटावर टाकायची. पुढे पुण्याला जाऊन ॲनिमेशन शिकली आणि नेमकी याच सिनेमावर लागली. तिच्या वाट्याला शेवटचा प्रसंग आला होता, सातव्या वेशीवर खडक्या मरतो तो. तिने पहिला फोन आईला केला आणि दुसरा मला. “बाई, खडक्या माझ्याकडं आला!” एवढंच ओरडली. मी दिवसभर शाळेत ते सगळ्यांना सांगत फिरले.

सिनेमा लागला. आम्ही नगरच्या थिएटरात एकत्र गेलो, शेवगावहून गटातला सोमनाथ त्याच्या टेम्पोत माणसं भरून घेऊन आला. बाहेर पडलो तेव्हा एका गटाचे दहा गट झाले होते. कोणाला रंग आवडले, कोणाला गाणी नकोशी झाली. निरा फार गोरी केली, म्हणून बायका चिडल्या. तिसरी वेस हुबेहूब माळीवाड्याची दिसते, म्हणून नगरवाले खूश. कोणी म्हणालं, पुस्तकात जे दोन शब्दांत होतं ते पडद्यावर उगाच ताणलं. त्यावर दुसरं कोणी म्हणालं, पोरांना पुस्तक कोण वाचायला देतंय, सिनेमाने निदान त्यांच्यापर्यंत नेलं. सोमनाथ म्हणाला, “पिक्चर लई भारी हाय, पन खडक्या खेळन्यातला वाटतो.” त्यावर चहाच्या गाडीवर अर्धा तास भांडण. मला हे सगळं आवडत होतं. एका पुस्तकासाठी माणसं इतकी तावातावाने बोलतात, ही माझी कमाई — असं मनात म्हणत मी चहा पीत होते.

पण एका तक्रारीवर सगळ्यांचं एकमत होतं. खडक्याचं शेवटचं वाक्य कुठे गेलं?

ते वाक्य तुम्हाला ठाऊक नसेल. आमच्याकडे पोराटोरांना पाठ आहे. सातव्या वेशीत खडक्या खाली बसतो, निरा त्याला ओढते, रडते, आणि तो म्हणतो — “वेस उघडी ठेव, पोरी. माझी वाट बघू नकोस, पण वेस उघडी ठेव.” लोकांनी ते मोबाईलच्या स्टेटसला लावलं होतं. एका मुलीने लग्नाच्या पत्रिकेत छापलं. सोमनाथने टेम्पोच्या मागे रंगवून घेतलं होतं, नगर-शेवगाव रस्त्याला कधी गेलात तर दिसेल. आणि सिनेमात ते नव्हतंच! सिनेमात खडक्या काही न बोलता बसतो. त्याच्या पाठीवर धूळ उतरत जाते. निरा हात ठेवते, मग हात काढून घेते. बस्स. जीवच काढून घेतला, सिनेमावाल्यांना पुस्तक कळलंच नाही, असं सगळे म्हणू लागले.

ते वाक्य पुस्तकात नाही.

कधीच नव्हतं. पुस्तकात एवढंच आहे, की खडक्या पुन्हा उठला नाही. ते वाक्य माझं आहे. एका रविवारी हॉलमध्ये वाचत होते, समोरची पोरं श्वास धरून बसलेली, आणि ती कोरडी ओळ आली. मला वाटलं, एवढंच? लेखकाने इथे हात आखडता घेतला. मी पानावरून नजर न काढता, त्याच सुरात, ते वाक्य बोलून टाकलं. पुढच्या बाकावरची एक आई पदराने डोळे पुसायला लागली. काय वाटलं सांगू? फार छान वाटलं. आपण लेखकाच्या वर गेलो असं वाटलं. मोबाईलवर वाचलं तेव्हाही मी ते घातलं, आणि तेव्हा ते चुकून आलेलं नव्हतं. आणखी एक खरं सांगते — वाक्य चांगलंच आहे. आजही ते मला आवडतं.

इथवर थांबलं असतं तर मी हे लिहायला बसले नसते. वाचताना दोन शब्द कोण रंगवत नाही?

गटावर सिनेमाला शिव्या पडू लागल्या तेव्हा अश्विनीने लिहिलं. दोनच ओळी, फार नम्रपणे. “पुस्तकात ते वाक्य नाही, मी तो प्रसंग करताना पान अनेकदा वाचलं आहे, बाईंनी वाचताना रंगवलं असेल.” काय चुकलं तिचं? तिने अगदी नेमकं ओळखलं होतं, आणि किती प्रेमाने! मी फक्त ‘हो गं, माझंच ते’ एवढं लिहायचं होतं. लोक हसले असते, दोन दिवस चिडवलं असतं, सोमनाथने टेम्पोवर खाली माझं नावही लिहून घेतलं असतं.

पण त्याआधीच कोणीतरी विचारलं, “बाई खोटं वाचत्यात, आसं म्हनायचंय का तुला?” आणि मग सगळे माझ्याकडे वळले. बाई, तुम्हीच सांगा.

मी लिहिलं — माझ्याकडच्या जुन्या प्रतीत ते वाक्य आहे.

मोबाईल खाली ठेवला आणि पोळ्या लाटायला गेले. हात थरथरले नाहीत. थरथरले असते तर सांगायला बरं झालं असतं. परत येऊन बघते तर लोकांनी पुढची गोष्ट स्वतःच रचून टाकली होती. स्टुडिओकडे जी प्रत होती तिच्यातलं पान गळालेलं असणार, सिनेमाच्या निमित्ताने निघालेली नवी आवृत्तीही त्याच प्रतीवरून छापली, म्हणून तिच्यातही नाही. कोणी पानाचा फोटो मागितला. मी सांगितलं, प्रत जीर्ण झाली आहे, उघडली तर पानं तुटतील. तेही मानलं! उपासनेत शास्त्र वाचणारी बाई कशाला खोटं बोलेल? प्रत माझ्या कपाटात आहे. दणकट आहे चांगली.

आणि अश्विनीला लोकांनी सोलून काढलं. नोकरीपायी पुस्तकाशी बेइमान झाली म्हणाले. तिच्या प्रसंगातला खडक्या मुका का, तर करणारीनेच पुस्तक वाचलेलं नाही म्हणून — असं तिच्या नावासकट दुसऱ्या गटांवर, सिनेमाच्या फेसबुक पानावर, जिथे जागा मिळेल तिथे लिहिलं. ज्या माणसांनी तिच्या पहिल्या चित्रांना बदाम पाठवले होते, तीच माणसं. ती दोन दिवस उत्तरं देत राहिली. मग गटावर ती बारीक करडी ओळ दिसली, अश्विनीने गट सोडला. मी ॲडमिन आहे. एका बोटाने सगळं थांबवता आलं असतं. मी त्या रविवारचं वाचन किती वाजता आहे ते टाकलं.

त्या प्रसंगाबद्दलही सांगायला हवं, नाहीतर हे अर्धंच राहील. थिएटरात तो पाहताना मी रडले होते. पाठीवर धूळ उतरते, निरा हात काढून घेते — तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की लेखकाने तिथे हात आखडता घेतलेला नव्हता. तिथे बोलण्यासारखं काही नव्हतंच. ही गोष्ट मला, पुस्तक तोंडपाठ असलेल्या बाईला, त्या पोरीने दाखवली. आणि मी बाहेर येऊन चहाच्या गाडीवर सगळ्यांसारखंच म्हणाले, की वाक्य कापायला नको होतं.

आता हे का सांगतेय, असं विचाराल. मागच्या महिन्यात आमचा वार्षिक मेळावा झाला, त्याच हॉलमध्ये. अश्विनी आली. तिला कोणी बोलावलं नव्हतं. दाराशी चप्पल काढून उभी राहिली. मला वाटलं, हिच्या हातात पुस्तक असणार, ही आता सगळ्यांसमोर पान उघडणार. आणि खोटं कशाला बोलू, मी उत्तरही तयार ठेवलं होतं.

तिच्या हातात काहीच नव्हतं. ती पुढे आली, माईक न घेता बोलली. “बाई, चुकलं माझं. ते पान माज्या नजरेतून सुटलं आसंल. तुमी वाचलं म्हंजी ते आसनारच. मी तुमाला नको ते बोलले.”

तिने ते पान किती वेळा वाचलं असेल! त्यातल्या धुळीचा कण न् कण तिने हाताने काढला होता. आणि तरी तिने स्वतःच्या डोळ्यांपेक्षा माझ्या आवाजावर विश्वास ठेवला. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. सोमनाथ म्हणाला, “झालं गेलं सोडा, पोरगी आपलीच हाय.” सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मला काय बोलायचं ते लगेच सुचलं. मला नेहमीच सुचतं. मी म्हणाले, “असू दे गं. माणूस चुकतं.”

मी तिला माफ केलं. सगळ्यांसमोर, चांगल्या खणखणीत आवाजात.

तेव्हा ती खाली वाकली आणि माझ्या पाया पडली. मी पाय मागे घेतले नाहीत.